अठ्ठावन्न सीलबंद थैल्या

१

मंगळवारी दुपारी सव्वातीनला मानवतच्या माळावरून निघालेलं विमान आभाळातून पडलं, असं दुसऱ्या दिवशी चार गावांतले लोक छातीठोकपणे सांगत होते. खरं तर ते आभाळात गेलंच नव्हतं. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते धावलं, हातभर उचललं गेलं, पुन्हा टेकलं आणि बांधाला धडकून ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाक खुपसून थांबलं. पाचही उतारू हातपाय मोडून का होईना, जिवंत निघाले. वैमानिक मोरेनोसाहेब मात्र निघाला नाही.

व्यंकटराव मुन्शी धोतर सावरत पोचले, तेव्हा साहेबाचे ओठ अजून हलत होते.

"भारी है, मुन्शी," तो म्हणाला. "बहुत भारी."

एवढंच बोलून त्याने मान टाकली. व्यंकटराव पन्नाशीचे, पण पुढे घटकाभर त्यांना साधी दौत उघडता येईना.

व्यंकटराव हे हुमा हवाई सर्व्हिसचे मानवतचे कारकून. हुमा ही रियासतीची नवी कंपनी. तिचं आठ खुर्च्यांचं विमान हैदराबादहून औरंगाबादला जाताना आठवड्यातून दोनदा इथे टेकायचं. माळावर पत्र्याची एक खोली, पेट्रोलचे डबे, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि सागवानी तिकाटण्याला टांगलेला भलामोठा काटा, एवढाच काय तो विमानतळ. माणूस असो की गाठोडं, काट्यावर चढल्याशिवाय विमानात चढायचं नाही, हा मोरेनोसाहेबाचा नियम. हैदराबादला यायच्या आधी तो मध्य अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ देशात, तिथल्या सरकारी विमान कंपनीत होता. कॉफीची पोती, कोंबड्यांच्या पाट्या आणि मंत्र्यांच्या सासवा तिथे एकाच काट्यावर तोलायचे, असं तो हसून सांगायचा. "मैदान झूठ बोलेगा, मुन्शी," तो म्हणायचा, "काटा नहीं बोलेगा."

आणि आता तो म्हणत होता की विमान भारी आहे. कागदावर तर सगळं मापात होतं. तो कागद व्यंकटरावांनीच लिहिला होता.

संध्याकाळच्या आत पोलिसांचे अमीन दस्तगीरसाहेब आले आणि पेट्रोल भरणाऱ्या भुजंगला हातकड्या घालून घेऊन गेले. भुजंग हा व्यंकटरावांचा जावई.

२

दिवस वाईट होते. अठ्ठेचाळीस सालची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. सेलूकडे कोणी रूळ उखडले होते, म्हणून आठ दिवस आगगाडी बंद होती. रझाकारांची जीप कुठल्या गावात शिरेल याचा नेम नव्हता. जीपचा आवाज आला की बाया पोरांना घेऊन ज्वारीत जाऊन बसायच्या. त्या जीपने नेलेला माणूस परत आल्याचं मानवतात तरी कोणाला ठाऊक नव्हतं.

"तुमचा दामाद स्टेट काँग्रेसच्या सभेला गेला व्हता," अमीन म्हणाले. बुधवारी दिवस कलताना चौकीत ते आणि व्यंकटराव दोघंच होते. "पेट्रोल त्यानंच भरलं. आता मी काय करू, मुन्शीजी?"

"पेट्रोलात खोट असती तर इंजिन बंद पडलं असतं, साहेब. ते शेवटपर्यंत गर्जत होतं."

"मग उठलं का न्हाई?"

"जड झालं होतं. मोरेनोसाहेब मरताना तेच म्हणाला."

"जड कुणी केलं?"

दस्तगीर अमीन माणूस वाईट नव्हते. व्यंकटरावांच्या मुलीच्या लग्नात ते आपणहून येऊन जेवून गेले होते. पण त्या वेळी त्यांच्याही कपाळावर घाम होता, तोही जानेवारीत.

"उद्या बारा वाजता हैदराबादहून दुसरं विमान येणार हाय, साहेबाची मय्यत न्यायला," ते हळूच म्हणाले. "त्याच वक्ताला परभणीहून जीप येतीय. त्येंना सांगावा गेलाय की घातपात झाला. तंवर खरं काय ते मला दाखवा. मंग माझ्याबी हातात काई राहत न्हाई."

बाहेर सुमन भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. तिने वडिलांकडे बघितलं. उद्या बारापर्यंत, ते मनाशी म्हणाले. रात्र वगळली तर हातात सगळे मिळून सहा तास होते.

३

ते पहिल्यांदा चतुराबाईकडे गेले. माळावरचं गवत कापायचं आणि विमान उतरायच्या आधी गुरं हाकलायची हे तिचं काम, म्हणून विमानाची चाल तिच्याइतकी कोणी पाहिलेली नव्हती.

"रोज कसं, त्या बाभळीपाशी शेपूट उचलतंय," ती म्हणाली. "काल बाभळ गेली, हिर गेली, तरी शेपूट खालीच. गाभण म्हशीवानी पळत व्हतं, दादा. मला तवाच धडकी भरली."

"चढवताना कुणी काही जास्तीचं टाकलं?"

"कोन टाकंल? म्या तितंच व्हते. काट्यावरनं उतारलं की विमानात. मधी काई न्हाई."

काट्यावर लिंबाजी होता. तीस वर्षं त्याने मानवतच्या सरकीच्या आणि कापसाच्या बाजारात तोलारी केली होती. आडत्यांनी त्याला लाच द्यायचं केव्हाच सोडून दिलं होतं, कारण तो घ्यायचा नाही आणि वर ओरडून सांगायचा. त्याला माळावर आणला तो व्यंकटरावांनीच. लिंबाजीने तोलून आकडा पुकारायचा, व्यंकटरावांनी मेजामागे बसून लिहायचा. उठून काट्याकडे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"तुमचा काटा तपासू का, लिंबाजीबाबा?" त्यांनी जरा चाचरतच विचारलं.

म्हाताऱ्याने रागाने लोखंडी वजनं पुढे ढकलली. "तपासा की! देवापुढं हुबं ऱ्हावं तसा म्या काट्यापुढं हुबा ऱ्हातो. गुंजभर फरक निघाला तर हात तोडून देतो."

फरक निघाला नाही. दोन्ही पारडी निश्चल राहिली. व्यंकटरावांनी वजनंही एकमेकांशी ताडून पाहिली, तीही खरी होती.

काटा खरा, तोलणारा खरा, कागद खरा. तरी विमान जड होतं. व्यंकटरावांना पहिल्यांदाच शंका चाटून गेली, की भुजंगने खरंच काही केलं असेल तर?

४

पाचांतले एक उतारू राधाकिशन शेठ. जिनिंगचे मालक, अंगाने भरलेले. डावा हात गळ्यात बांधून ते गादीवर पडले होते आणि सारखे दरवाजाकडे बघत होते. अमीन म्हणे त्यांच्यावरही डोळा ठेवून होते.

"मुन्शीजी, माझ्याजवळ वळकटी आन् पान्याचा तांब्या," शेठ म्हणाले. "ते घेऊनच काट्यावर बसलो. चोरून सोनं नेत असेन असं वाटत आसंल तर वळकटी सोडून बघा."

वळकटीत दोन धोतरं आणि सुपाऱ्या होत्या.

"तुमी एक सांगा," शेठ कण्हत म्हणाले, "भीतीनं मानूस चार दिवसात वाळतं का? संक्रांतीला देवळात माझी गुळाची तुला केली. दोन मण आठ शेर गूळ लागला. काल वळकटी, तांब्या घेऊन बसलो, तर लिंबाजी वरडला, दोन मण नऊ. म्हंजे वळकटी-तांब्या निस्ता एक शेर? तांब्याच दीड शेराचा हाय, आन् वळकटीबी तेवढीच."

भीतीने शेठचं मन भलतीकडे धावतंय, असं वाटून व्यंकटराव उठले. दिवेलागण झाली होती. आडव्या रस्त्याने एक मोटार गेली तशी साऱ्या गल्लीची दारं धडाधड लागली. ती मोटार डॉक्टरची निघाली.

५

गुरुवारी सकाळी सातला ते टपाल कचेरीत होते. आगगाडी बंद म्हणून मंगळवारचं सगळं टपाल विमानाने निघालं होतं. सोनपेठ, वालूर, पाथरी, सेलू, जिथून जिथून आली तिथल्या लहान लहान थैल्या, एकूण अठ्ठावन्न. एरवी विमानात टपालाच्या चारपाच मोठ्या थैल्या असायच्या. ओढ्यातून गोळा केलेल्या त्या अठ्ठावन्न थैल्या आता पोस्टमास्तर वैजीनाथच्या खोलीत रचलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला लाखेचं सील होतं आणि गळ्यात माळावर तोलून बांधलेली वजनाची चिठ्ठी होती.

"एक तोलून बघू," व्यंकटराव म्हणाले.

वैजीनाथने वालूरची थैली कचेरीच्या छोट्या काट्यावर ठेवली. चिठ्ठीवर चार शेर. काट्यावर सहा भरले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोनपेठची ठेवली. चिठ्ठीवर पाच, काट्यावर सात. पाथरीची ठेवली. चिठ्ठीवर तीन, काट्यावर पाच. वैजीनाथ मटकन खाली बसला.

"मुन्शीजी, कुनीतरी ह्यात काई घातलंय. मला फाशी देतील. लेकरं लहान हायत हो माझी."

"सील बघा."

सील सगळी शाबूत होती. लाखेला तडासुद्धा नव्हता. आणि तेवढ्यात दारात दस्तगीर अमीन उभे असलेले दिसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पिस्तुलं," अमीन म्हणाले. "नाहीतर काडतुसं. उघडा."

पोस्टमास्तर जागचा उठला नाही, म्हणून अमीनांनीच चाकू चालवला. वालूरची थैली फरशीवर पालथी झाली. पत्रं, दोन मनीऑर्डरी, एका आजीने लेकीला पाठवलेली लोणच्याची बरणी, चिंध्यांत गुंडाळलेली. आणखी काही नाही. सोनपेठच्या थैलीतही पत्रंच पत्रं.

"आता नऊ वाजले," अमीन म्हणाले. "मुन्शीजी, तीन तास."

६

व्यंकटराव माळाकडे चालत निघाले. अठ्ठावन्न थैल्या वेगवेगळ्या गावांत बांधल्या गेल्या, वेगवेगळ्या हातांनी सील झाल्या. त्यांत कोणी काही घालायचं म्हटलं तरी एकीत शेर पडला असता, दुसरीत तीन पडले असते. मोजून दोन दोन शेर? प्रत्येकीत? सील न फोडता? असं करणारा माणूस पृथ्वीवर नव्हता.

आणि मग त्यांना राधाकिशन शेठची वळकटी आठवली. दीड शेराचा तांब्या, दीड शेराची वळकटी, गुळाचे दोन मण आठ. होतात दोन मण अकरा. लिंबाजीने पुकारले दोन मण नऊ. तिथेही दोनच शेर! शेठच्या पोटात तर कोणी पिस्तूल घातलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला कापसाचा बाजार भरला होता. गाड्या सुटल्या होत्या, आणि एक तरणा तोलार गाठोडं काट्याला लावून ओरडत होता, "एक मण बावीस!" व्यंकटरावांची नजर सहज पारड्यावर गेली. एक मणाचं वजन, वीस शेरांचं, आणि चार शेरांचं. म्हणजे चोवीस.

ते जागच्या जागी थांबले. मागून येणारी बैलगाडी त्यांना चाटून गेली तरी त्यांना कळलं नाही.

त्यांचे वडील याच बाजारात हिशेब लिहिणारे मेहता होते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी हे हजार वेळा ऐकलं होतं. डागाला, म्हणजे एका वेळी काट्यावर चढणाऱ्या नगाला, दोन शेर कडता. बारदान, ओल, माती, सगळ्याचं मिळून दोन शेर आधीच कापायचे आणि उरलेलं वजन पुकारायचं. लहान डाग असो की मोठा, दोन शेर. इथे ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. नवीन तोलाराला श्वास घ्यायला शिकवावं लागत नाही, तसंच हेही.

थैल्यांत कोणी वजन घातलं नव्हतं. वजन काढलं गेलं होतं, आणि तेही फक्त तोंडाने.

व्यंकटराव पळत सुटले. माळाच्या दिशेला धुळीचा लोट दिसत होता. जीप वेळेआधीच आली होती.

७

जीपमध्ये चौघं होते. तिघांच्या हातात बंदुका, चौथ्याच्या हातात नुसती वेताची छडी, आणि सगळे घाबरून बघत होते ते त्या छडीवाल्याकडेच. भुजंग हात बांधून जमिनीवर बसवलेला होता. ओठ फुटला होता. "मामा," तो म्हणाला, "सुमनला घरी न्या."

दुसरं विमानही वेळेआधीच उतरलं होतं. त्यातून कंपनीचा एक बडा अधिकारी उतरला होता, टोपी काखेत घेऊन. व्यंकटराव धडपडत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हुजूर, पाच मिनिटं. एकदा काटा बघा. मग मला न्यायचं तर मला न्या."

छडीवाला हसला. पण अधिकाऱ्याने हात वर केला आणि अमीनांनी ती संधी पकडली. "बघू द्या, साहेब. पंचनाम्यात लागंल."

"अमीनसाहेब, तुम्हीच चढा."

अमीन पारड्यात उभे राहिले. लिंबाजीने सवयीने वजनं टाकली, दांडी सरळ झाली, आणि त्याने मान वर करून पुकारलं, "एक मण तीस!"

"आता वजनं मोजा, हुजूर."

अधिकाऱ्याने वाकून मोजली. एक मण. वीस. दहा. दोन. त्याने पुन्हा मोजली. "बत्तीस."

"लिंबाजीबाबा," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले, "दोन शेर कुठं गेले?"

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "कुठं जातेत? बारदानाचे कापले की. साहेबाची वर्दी, बूट, पट्टा. मानसाचं बारदान ते. थैलीचं कापड, दोरी, लाख. डाग म्हंजे डाग, मुन्शीजी. बाजाराचा कायदा हाय."

व्यंकटरावांनी खिशातला कागद काढला.

"एरवी दहाएक डाग तोलायचे, हुजूर. पाच उतारू, साहेब, चार थैल्या. वीस शेर जादा जायचं. ते विमान सोसत होतं. मंगळवारी अठ्ठावन्न थैल्या, पाच उतारू आणि मोरेनोसाहेब, म्हणजे चौसष्ट डाग. चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस शेर. तीन मण आठ शेर. कागदावर नसलेली दोन माणसं विमानात बसून होती. टपाल कचेरीत त्या थैल्या अजून आहेत, चिठ्ठ्यांसकट. कुठलीही तोलून बघा."

अधिकाऱ्याने अमीनांना थैल्या आणायला लावल्या. सहा तोलल्या. सहाही दोन शेरांनी जड निघाल्या.

"हादसा है," तो शेवटी छडीवाल्याला म्हणाला. "साजिश नहीं. लडके को छोड दो."

"किसी को तो जवाब देना पडेगा," छडीवाला म्हणाला. त्याने छडीचं टोक लिंबाजीच्या छातीला लावलं.

व्यंकटरावांना आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. गप्प राहणं अगदी सोपं होतं. जावई सुटला होता.

"कागदावर सही माझी आहे," ते म्हणाले. "हा माणूस अंगठेबहाद्दर. त्याला विमान काय कळतं? मी मेहत्याचा मुलगा, मला कडता ठाऊक होता. एकदा उठून पारड्यात बघायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही. जवाब मी देईन. पण हैदराबादला, कंपनीपुढे."

अधिकाऱ्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "ये हमारा मुलाजिम है," तो म्हणाला. "हमारे साथ जाएगा." अमीनांनी घाईघाईने पंचनाम्यावर ते लिहून टाकलं, शाई वाळायच्या आत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. छडीवाला थुंकला. थोड्या वेळाने जीप परभणीच्या वाटेला लागली, आणि तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

८

सुमनने भुजंगच्या हाताची दोरी सोडली आणि ती तशीच खाली बसून रडायला लागली. लिंबाजी मात्र काट्यापाशी उभा होता, वजनांकडे बघत.

"म्या मारलं व्हय त्येला?" त्याने विचारलं.

व्यंकटरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण दोघांनी, बाबा."

"लय हसायचा तो. दर खेपेला पारड्यात बसून म्हनायचा, सच बोल, लिंबाजी." म्हाताऱ्याने पारड्यावर हात ठेवला. "आन् म्या दर खेपेला त्येचेबी दोन शेर कापले."

साहेबाची पेटी आणली. गावच्या सुताराने बाभळीच्या फळ्यांची ठोकलेली, ओबडधोबड. नियम म्हणजे नियम, काट्यावर चढल्याशिवाय विमानात जायचं नाही. दुसऱ्या कोणाला तो काटा हाताळता येत नव्हता. लिंबाजी पुढे झाला. आज व्यंकटराव मेजामागे बसले नाहीत. हातात कागद घेऊन पारड्याजवळ उभे राहिले.

पेटी वर उचलली गेली. लिंबाजी एक एक वजन ठेवत गेला. दांडी हलली, डुलली, सरळ झाली. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आणि तीस वर्षांची सवय ओठांपर्यंत आलेली व्यंकटरावांना दिसली. त्याने ती गिळली. मग खणखणीत आवाजात पुकारलं.

"तीन मण अकरा शेर!" आणि मागून, फक्त पेटीला ऐकू जावं एवढ्या हळू, "लाकडासकट, सायेब. काई न्हाई कापलं."

व्यंकटरावांनी वाकून वजनं मोजली आणि आकडा लिहिला.